ओकून झालं की आत ये

परभणी, ९ जानेवारी १९५८
नर्सिंगच्या वर्गात आज फुप्फुसं. सिस्टरनी खाटकाकडून बकऱ्याची घमेलंभर आणलेली. श्वासनळीत रबरी नळी खुपसून माझ्या हाती दिली, म्हणाल्या फुंक. फुंकलं. ते ओलं गुलाबी फुगत गेलं, कडेनं फेस. गटारीपाशी जाऊन सगळं ओकले. सिस्टर दारात. "ओकून झालं की आत ये." एवढंच.
सासरी शेणात कोपरापर्यंत हात घालायची, तेव्हा काही वाटायचं नाही. माणसाच्या आतही हेच, म्हटल्यावर मात्र शिसारी.

११ जाने.
हृदय. चार कप्पे, झडपा. मग काळीज, म्हणजे यकृत. डॉ. हैदराबादला शिकलेले, ते जिगर म्हणतात, मूत्रपिंडाला गुर्दा. पित्ताची पिशवी माझ्याच हातून फुटली. वास नखांतून जात नाही. भात नुसता चिवडला.
हे वारल्यावर दादा सासरच्यांशी भांडून मला इथं घेऊन आला. पास झाले तर नोकरी, स्वतःची खोली, स्वतःची चूल. नाही तर परत देवगाव फाट्याच्या पुढं, सासूबाईंच्या हाताखाली. म्हणून ओकायचं आणि परत आत जायचं.

१४ जाने.
पचन. तोंडात लाळ, जठरात आंबट पाणी, पुढं हातभर हातभर गुंडाळलेलं आतडं. ते आपल्याला न विचारता सारखं पुढं ढकलत असतं म्हणे. म्हणजे माणूस ही एक लांब नळी. बाकी सगळं वरून नेसवलेलं.
दुपारी वॉर्डात थुंकीची भांडी धुतली. त्याबद्दल लिहवत नाही.

१८ जाने.
सासूबाई आल्या! धाकटे दीर घेऊन आले. पोट नगाऱ्यासारखं. बोरं खाल्ली, बियांसकट. मग परसाकडं बंद, वैद्याच्या पुड्या, अंगारे, सगळं झाल्यावर दवाखाना. डॉ. म्हणाले खालीच अडकलंय, बोटानं काढा, मग एनिमा. सिस्टर म्हणाल्या, तूच कर.
रबरी हातमोजा, तेल. भांड्यात बोराच्या बिया खडखड पडायला लागल्या. तो वास. मी तोंडानं श्वास घेत होते. सासूबाई पलंगाची दांडी धरून, "मरते मी सुभद्रे, सोडू नको गं." सोडलं नाही. पोट उतरलं. डॉ. म्हणाले, उशीर झाला असता तर आतडं फुटलं असतं.
मग गटार. ओकून झाल्यावर आत आले, भांडं धुतलं.

१९ जाने.
सासूबाईंना तहान. तांब्या भरून नेला. तोंड फिरवलं. "तुझ्या हातचं नगं. तू कुणाकुणाची बाळंतपणं करायलीस, सगळ्या जातीचं रगत लागलंय त्या हाताला."
साबणानं धुतलेत, म्हटलं. तरी नको. दीर जाऊन नळावरून घेऊन आले. त्यांनी विडी ओढून हात धुतले नव्हते. पाणी गटागटा प्याल्या. मी तांब्या धरून उभीच.

२२ जाने.
सासूबाईंना उद्या घरी सोडणार. पायांत जोर नाही, उठताबसता धरायला कुणीतरी लागतंय. आज जवळ बोलावलं, आवाज एकदम गोड. "घरी चल. माझं हागणंमुतणं बघ, तुला सवय झाली आता. चुलीकडं तेवढं यायचं न्हाई. पाणीबी शिवायचं न्हाई." दीर म्हणाले, "सकाळची गाडी हाय, वैनी. पेटी भरून ठेवा."
मला सासूबाईंची किळस आली. असं लिहू नये, पण आली. भांड्यातल्या बियांची नव्हती आली एवढी. गटारीवर गेले, काहीच पडेना. नुसतेच कोरडे उमासे.
दादाला कळवायला वेळ नाही. तिच्या मुलाचं कुंकू लावलेलं, हक्क तिचाच, असं गावात सगळे म्हणतील. मी नाही गेले तर ती पडून राहील, अंथरूण भिजेल, ते धाकट्या जावेच्या अंगावर येईल. तेही दिसतंय डोळ्यांपुढं.
सिस्टरना सगळं ठाऊक. फळ्यावर उद्याचा धडा लिहून ठेवलाय: मूत्रपिंड. रक्तातली घाण गाळण्याचं काम. खाली, खाटकाकडून सकाळी गुर्दे कोण आणणार ते. माझं नाव.
पेटी खाटेखालीच आहे, भरलेली नाही. घमेलं धुऊन दाराशी ठेवलंय.