व्होयताच्या पोटातले गप्पी

आई,

चर्चमधून आलात की लगेच सुरी हातात घेऊ नका. आधी हे वाचा.

आज रात्रीच्या नाताळच्या जेवणासाठी तुम्ही जिवंत आणून आंघोळीच्या टबात ठेवलेल्या कार्प माशाचं पोरांनी तिथेच बारसं केलं, 'व्होयता' म्हणून, तेव्हाच मला घाम फुटला होता. नाव ठेवलेला मासा ताटात कसा वाढायचा? त्यांचं लक्ष दुसरीकडे वळावं म्हणून मी काल काचेची टाकी आणि दोन इवलेसे गप्पी मासे आणले. दुकानातली बाई म्हणाली, "लहान मुलांच्या घरात हेच घ्या हो, सहसा मरत नाहीत." मरत नाहीत म्हणे!

सकाळी वेंदुल्काने दोघांना टबात सोडलं. का, तर व्होयताला एकट्याला करमत नाही. व्होयताने दोघांना गिळून टाकलं. धाकटा शिमोन टाळ्या वाजवत होता.

वेंदुल्का रडली नाही, आई. म्हणाली, "बाबा, आता आजीला व्होयताला कापू दे. आजी पोट उघडेल, मग ते बाहेर येतील." मी 'हो' म्हणून बसलो. आता ती बरणीत पाणी भरून टबाशी बसली आहे, उठायला तयार नाही.

यितका रात्रपाळी करून आत्ताच आडवी झाली आहे, तिला उठवू नका, पोरांनाही आईला उठवू देऊ नका. दुपारी दुकानं बंद व्हायच्या आत मी तसलेच दोन शोधायला पळतोय. एकाच्या शेपटीवर काळा ठिपका होता, आणि तो वेंदुल्काने नीट बघून ठेवलाय.

तोवर तुम्ही बटाटे सोला. आणि तिने विचारलं, "आत त्यांना श्वास घेता येतो का?", तर तुम्हीच काहीतरी सांगा.

रादिम