मचाणावरचा लाल फडका

९ ऑक्टोबर २०१३
उडालो! आई गेल्यावर पहिल्यांदा. गोव्याहून आणलेलं पॅरामोटरचं धूड — पाठीवर पंखा, वर छत्री — पावसाळाभर ओसरीत गोणपाटाखाली पडून होतं. आज तलावाच्या पाळीमागून धावलो आणि सुटलो. चोरखमारा तलावाच्या काठाकाठाने पूर्ण फेरी मारली. तिकडे समुद्राकाठी रोज उडायचो, पण पुढच्या सीटवर कुणी ना कुणी पर्यटक असायचा, किंचाळायचा. आज पुढे कुणी नाही. नुसतं पाणी.

१० ऑक्टोबर
कालचं कुणाला सांगावं? नागपूरला बहिणीला, समीक्षाला फोन केला. "दादा, घाईत आहे, मी करते नंतर." केला नाही.

१३ ऑक्टोबर
कुणीतरी हात केला! पलीकडच्या काठाला धानाच्या बांध्या आहेत, तिथे मचाणावर एक बाई. लाल फडका डोक्यावरून गरगर फिरवत होती. मी पाय हलवले — हात मोकळे नसतात ना! दिवसभर शीळ घालत फिरलो. वेडाच आहे मी.

१९ ऑक्टोबर
रोज तिकडूनच जातो. रोज फडका. आज मला उशीर झाला, तरी होतीच. वाट पाहते बहुतेक. आईनंतर माझी वाट पाहणारं कुणी नव्हतं — लिहायला लाज वाटते, पण आहे ते आहे.

२४ ऑक्टोबर
पेढ्यांचा पुडा घेऊन गेलो भेटायला! बाईचं नाव अनुसयाबाई, नवरा बकाराम. म्हटलं, तुम्ही रोज हात करता ना, तो उडणारा मी, संघदीप. ती अशी हसली की मचाण हललं. "अगा बाबू, तुले कायले हात करू? पोपट हाकलून रायली मी!"

धानाच्या मुलखात जन्मलो, लहानपणी स्वतः पाखरं राखली, आणि हे कळू नये! इतकी वर्षं समुद्राकाठी राहून डोकं खारट झालं. बकारामने माझ्याच पुड्यातला पेढा मला दिला. वर म्हणाला, "येत जा पण. तुमचा आवाज आयकला का पाखरं पळतेत."

म्हणजे मी बुजगावणं. घरी येऊन रडलो.

३० ऑक्टोबर
तरी जातो. कुणाच्या तरी कामी येतो, तेवढंच.

७ नोव्हेंबर
धान कापलं. मचाण मोडलेलं. बांधीत नुसती धसकटं, माणूस नाही. आता माझं तिकडे काय काम? लवकर उतरलो.

११ नोव्हेंबर
ताप. उठून स्वतःच पाणी घेतलं. फोन एकदा वाजला — मोबाइल कंपनीचा.

१२ नोव्हेंबर
पडून.

१३ नोव्हेंबर
दारात बकाराम, सायकल धरून, घामाघूम. माझं घर विचारत विचारत आला.
"इंजिन आयकू नाई आलं. बाई मनली — जाय, पाहून ये, पोरगा जिता हाय का."