खळ्यावरचा एक खांब

आये, परवा आपल्या मासळी सुकवायच्या खळ्यावर गेले होते. तू ज्या उंडीखाली टोपली टेकवून बसायचीस, तिच्या खोडावर कुणीतरी पांढऱ्या रंगाने सात आकडा काढलाय. ओळीतल्या सगळ्याच उंडींवर आकडे आहेत. मला आधी वाटलं, झाडांची मोजणी चाललीय, म्हणजे जपणार असतील. वहिनीने सांगितलं की आकडे घातलेली झाडं काढायची आहेत आणि त्यांच्या जागी शोभेची ताडासारखी झाडं येणार आहेत, कुंडीतून. वाऱ्यापावसात पाय रोवून राहिलेलं झाड तोडायचं आणि दोन बांबूंचा टेकू दिल्याशिवाय उभं न राहणारं झाड आणायचं, याला हल्ली हरित पट्टा म्हणतात. खळ्याच्या एका टोकाला पेव्हर ब्लॉक येऊन पडलेत. त्यांच्या शेजारीच वहिनीच्या वलांडीवर, बांबूंना ताणलेल्या दोऱ्यांवर, बोंबील सुकत होते, तू टांगायचीस तसेच, दोघांचे जबडे एकमेकांत अडकवून. भाऊ गेल्यापासून तिचं घर त्या बोंबलांवरच चालतं. रस्त्यापलीकडच्या नव्या इमारतीतला एक गृहस्थ कुत्रं फिरवत आला. माझे पांढरे केस आणि इस्त्रीची साडी पाहून तो मला आपल्यातलीच समजला. म्हणाला, "आंटी, व्ह्यू तो मस्त है, बस ये स्मेल का कुछ करना चाहिए." मी म्हटलं, "बेटा, दरिया के सामने घर लिया, अब दरिया को अत्तर लगाओगे क्या?" तो हसला. त्याला वाटलं मी गंमत केली.

तुला सांगायला हवं की आपल्या पालीच्या किनाऱ्यावर, खळ्यासकट, आता फिरायला जागा करणार आहेत. चालायचा रस्ता, बाकं, व्यायामाची यंत्रं, फोटो काढायला एक मोठा फायबरचा पापलेट. प्रभाग कार्यालयात एका तरुण इंजिनियरने भिंतीवर चित्रं दाखवली. चित्रातलं गवत इतकं हिरवं होतं की डोळ्यांना त्रास व्हावा. त्यावर माणसं चालत होती, पळत होती, एक बाई योगासनं करत होती. एकाच्याही डोक्यावर टोपली नव्हती. मी हात वर करून विचारलं, "यात आमच्या बायका कुठे आहेत?" तो म्हणाला, "मॅडम, त्यांनाही येता येईल ना, सगळ्यांसाठी खुलं आहे." मी म्हटलं, "त्या तिथे आहेतच. तुम्ही आत्ता येताय." टाळ्या पडल्या. टाळ्या मिळवायची माझी खोड तुला माहीत आहे, आणि ती तुला कधी आवडली नाही.

हरकतीचा अर्ज मीच लिहिला, खाली सह्या आणि अंगठे गावकऱ्यांचे. नवघरच्या माझ्या फ्लॅटमध्ये बसून, चार पानं, एकही खाडाखोड नाही. निवृत्तीनंतर इतकं मन लावून मी काही केलं नव्हतं. त्यात तुझा खांब लिहिला. पावसाळ्याच्या तोंडावर वलांड्या सोडतात, दोऱ्या गुंडाळतात, बांबू घरात माळ्यावर चढवतात, पण प्रत्येक घर आपल्या जागेवर एक खांब उभा ठेवतं, जुन्या लुगड्याचं फडकं बांधून, हे सगळं लिहिलं. कोणाची जागा कुठे संपते, कोणाची कुठे सुरू होते, ते चारही महिने त्या खांबांवरून कळतं. कागद कधीच नव्हता. कधी लागलाही नव्हता.

तो खांब मला कसा कळला, ते तुला आठवतं का? मी सातवीत होते. आमच्या शाळेतल्या सिस्टर आपल्या घरी येणार होत्या, कोणत्यातरी शिष्यवृत्तीसाठी घर बघायला. मी सकाळपासून अंगण झाडलं, मग खळं झाडलं, आणि मग आपल्या खांबावरचं ते काळं पडलेलं फडकं बघून मला लाज वाटली. नुसतं फडकं सोडून भागलं असतं. मी खांबच हलवून हलवून उपटला आणि उंडीमागे टाकून दिला. सिस्टर छत्री मिटत दारात उभ्या आहेत, मी पांढऱ्या मोज्यांत त्यांच्यापुढे गुड आफ्टरनून म्हणतेय, आणि तू मागून येतेस आणि माझा कान धरतेस. "मललेला दिसला म्हनून उपटलास? उंद्या मी मललेली दिसले तं मना पन उपटशील?" सिस्टरना मराठी चांगलं येत होतं. तू मला तशीच खळ्यावर नेलंस, चिखलात, मोज्यांसकट, आणि माझ्याच हातांनी खड्डा करून खांब पुन्हा उभा करायला लावलास. वर फडकं बांधताना तू म्हणालीस, "जागा झोपलेली हाय, मेलेली न्हाय. खांब न्हाय दिसला तं लोक मेली समजतील." सिस्टर छत्री धरून बघत होत्या. शिष्यवृत्ती मिळाली. मी मात्र तुझ्याशी आठवडाभर बोलले नाही.

तुला माझ्या शाळेचं किती अप्रूप. माझा गणवेश मासळीच्या घरात राहू नये म्हणून तू तो देवळाजवळच्या काकूंकडे ठेवायचीस, मी सकाळी तिकडे जाऊन कपडे बदलायचे. प्रगतिपुस्तकावर तू अंगठा लावायचीस. शाई पुसायच्या आधी तो अंगठा थोडा वेळ हवेत धरून बसायचीस, जणू त्याने काही गुन्हा केलाय. मग मला म्हणायचीस, "तुजी सही काढून दाखव." मी वहीच्या मागच्या पानावर इंग्रजीत सही करायचे. सिस्टरनी शिकवलेलं तिरकं अक्षर, पहिल्या अक्षराला मोठा वळसा, शेवटच्याची शेपटी पूर्ण नावाखालून मागे आणलेली. तू बोटाने तो वळसा गिरवायचीस आणि म्हणायचीस, "येल चढल्यासारकी जाते." मला एवढंच कळायचं की माझं काहीतरी तुला सुंदर वाटतंय.

आता मूळ गोष्ट. इतकी पानं मी तिच्याभोवतीच फिरतेय.

तू गेल्यानंतर काही वर्षांनी, श्रावणात, मी सुट्टीला गावी आले होते. भाऊ होता तेव्हा. वहिनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती. गावात कुजबुज होती की सरकारी माणसं जागा बघायला येणार, खळ्यावर सिमेंटचा ओटा आणि पाण्याचा नळ देणार. सगळे खुशीत. आदल्या दिवशी मी खळ्यावर गेले तर गुडघाभर गवत आणि त्यात वीस-पंचवीस खांब, वाकडेतिकडे, त्यांवर कुजलेली फडकी. मी नोकरीला होते, साहेब लोकांना काय दिसतं ते मला कळतं अशी माझी समजूत होती. मी म्हटलं, "हे काय भूत उभं केल्यासारखं? साहेब येतायत, जरा स्वच्छ दिसू दे." भाऊ म्हणाला, "आय असती तं मारलं असतं तुला." तो हसत म्हणाला. मीही हसले. संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी आपापले खांब काढले. कुणी वाद घातला नाही. शिकलेली बाई सांगतेय म्हटल्यावर कोण वाद घालणार?

दुसऱ्या दिवशी दोन माणसं आली. त्यांनी टेप टाकली, गवतातून चक्कर मारली, देवळाच्या ओट्यावर बसून कागद लिहिला. चहा मीच दिला. त्यांना गावातल्या वाचता येणाऱ्या साक्षीदाराची सही हवी होती. मी कागद वाचला, आये. वाचला नव्हता असं मला म्हणता येणार नाही. जागा गवताळ व मोकळी आहे, खांब, मांडव किंवा वापराची कोणतीही खूण आढळली नाही, असं लिहिलं होतं. मी बघितलं, तर खरंच नव्हती. त्यांनी एका शब्दाचा ऱ्हस्व-दीर्घ चुकवला होता, तो मी दुरुस्त करून दिला. मग सही केली. ओटा आणि नळ कधी आले नाहीत.

सुनावणीत अधिकाऱ्याने तोच कागद बाहेर काढला. झेरॉक्सची झेरॉक्स, सहीखाली नाव लिहिलेलं नव्हतं, पण वळसा तसाच. तो शांतपणे म्हणाला, "तुमच्याच अर्जात लिहिलंय की पावसाळ्यातसुद्धा प्रत्येक घराचा एक खांब उभा असतो. ही पाहणी पावसाळ्यातली आहे. एकही खांब नाही. गावातल्याच साक्षीदाराची सही आहे. मग वापर होता कधी?" सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण कागद वाचायचा तर मीच. मी चष्मा लावला. वहिनी माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. "कोनाची सही हाय ओ, वन्सं?"

मी म्हटलं, "अक्षर लागत नाही."

बाहेर पायऱ्यांवर गावातली वकील झालेली मुलगी आम्हाला समजावत होती. शेजारच्या घरातली, तू गेलीस तेव्हा ती जन्मलीही नव्हती. त्या वेळच्यांपैकी तिथे आलेला एकच म्हातारा म्हणाला, खांब तेव्हा काढले होते खरे, कुणीतरी काढायला सांगितलं होतं. कोणी, ते त्याला आठवेना. ती म्हणाली, "आजोबा, आता गावाने सांगून उपयोग नाही. ते म्हणणार, तुम्ही आज गोष्ट रचताय. तो साक्षीदार सापडला आणि खांब आदल्या दिवशी काढले होते असं त्याने प्रतिज्ञापत्रावर लिहून दिलं, तर आपल्याकडे बोलायला काहीतरी आहे. नाहीतर काहीच नाही."

वहिनी म्हणाली, "मेला आसंल तो."

"आणि नसेल तर?" मी विचारलं.

"मंग मेल्यासारकाच हाय. आपल्या गावाचा गला कापून गप बसलाय." तिने पदराने माझ्या पर्सवरची धूळ पुसली, कारण मी ती पायरीवर ठेवली होती. "चला वन्सं, तुमची बस जाईल. तुमी हाय म्हनून तरी आमाला कायतरी कलतंय."

सोमवारी पुढची तारीख आहे. त्या मुलीकडून मी स्टॅम्पपेपर मागून आणलाय. ज्यादा असला तर दे, लागेल कशालातरी, असं सांगून. तो टेबलावर आहे, वर पेपरवेट. काय लिहायचं ते मला माहीत आहे. पाच ओळींचं काम आहे, आणि खाली सही. ती जुन्या सहीशी जुळायला हवी, म्हणजे तोच वळसा, तीच शेपटी. आज दुपारभर मी जुन्या पाकिटांच्या पाठीवर ती काढून बघितली. येते अजून. आयुष्यभर मी दुसऱ्यांना खडसावलं, बँकेतल्या पोराला, सोसायटीच्या सेक्रेटरीला, त्या इंजिनियरला. ती सही माझी आहे, हे वाक्य वहिनीच्या तोंडावर मला बोलता येत नाही. ती मला शिव्या देईल याची भीती नाही. ती शिव्या देणार नाही, पुन्हा माझ्या पर्सवरची धूळ पुसेल, आणि ते मला सहन होणार नाही.

स्टॅम्पपेपर अजून कोरा आहे आणि तुझी मात्र एवढी पानं भरली. ती कुठे टाकायची नाहीत, टाकायला पत्ताही नाही. मी स्वतःला सांगत होते की तुझी आठवण आली म्हणून लिहितेय. तसं नाही, आये. हे सगळं कुणालातरी सांगायचं होतं, आणि मी तुला निवडलं, कारण तुला वाचता येत नव्हतं.