आईचा पियानो तेवढा ऐकावा

प्रिय ताई,
साष्टांग नमस्कार. मी ठणठणीत आहे. तुझा गुडघा काय म्हणतो?

चिरंजिवांचा रॉक अल्बम एकदाचा निघाला. दीपगृहाच्या रखवालदाराची एकच गोष्ट, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत. दोन वर्षं घरात ड्रमचा धुडगूस सोसला. मधे मिनिटभर पियानो हवा होता, तो मी वाजवला, कॉन्व्हेंटात सिस्टरांनी छड्या मारून शिकवलेला.

पेपरातला मेला समीक्षक लिहितो, "सगळं लांबण. आईचा पियानो तेवढा ऐकावा." गाढवाला गुळाची चव काय!

त्या दिवसापासून गिटार पेटीत आहे. काल हसून म्हणाला, "आई, पुढचा अल्बम तुझ्याच पियानोचा करू." ते हसू बघवेना गं. मी वाजवायलाच नको होतं.

बोटं दुखतात, असं सांगून टाकलंय. तुला फोन करून विचारेल. लहानपणापासूनच दुखतात म्हण.

तुझी धाकटी