विजेचे फोटो कोणाला द्यावेत

मी, सुषमा मच्छिंद्र सांडभोर, वय ६१, शिरूर आगारातून निवृत्त झालेली एसटी वाहक, राहणार कवठे येमाई, ता. शिरूर, जि. पुणे, हे सांगून लिहवून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे, शरीर नाही. स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे. पुण्याच्या डॉक्टरांनी औषधे कमी केली आणि ते माझ्याशी गोड बोलू लागले, तेव्हाच मला काय ते समजले. माझ्यावर कोणी बळजबरी केलेली नाही. बळजबरी करून घ्यावे असे माझ्याकडे काही नाहीही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर, दोन खोल्या व गच्ची, आणि बँकेत जे असेल ते माझी एकुलती मुलगी सायली हिला. ती दौंड तालुक्यात केडगावला सासरी असते. तिने इथे येऊन राहावे अशी अपेक्षा नाही. विकले तरी चालेल.

२. माझ्या कॅमेऱ्याचा तीन पायांचा स्टँड फिरोज इनामदार यांना. ते आगारात ड्रायव्हर होते, शिरूर–दौंड गाडीवर आम्ही बरीच वर्षे बरोबर होतो. त्यांना फोटोग्राफी येत नाही. शेवगा बांधायला वापरला तरी हरकत नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणी त्यांनीच करावी.

३. कॅमेरा, लेन्सा आणि फोटोंच्या सर्व हार्ड डिस्क. इथे थोडे सविस्तर लिहावे लागेल.

माझे पती मच्छिंद्र आगारात मेकॅनिक होते. कामातून उरलेला वेळ त्यांचा माळावर जाई. लांडगे, चिंकारा, ताऱ्यांच्या रेघा आणि सगळ्यांत जास्त वीज. वळवाचे ढग उठले की त्यांना घरात बसवत नसे. एका वैशाखात ते फिरोजभाईंच्या जीपमधून वरवंडच्या पुढे माळावर गेले. सायली तेव्हा बारा वर्षांची, हट्ट करून बरोबर गेली. गडगडू लागल्यावर ते तिला म्हणाले, "गाडीत बस, काच लाव." ती बसली. फिरोजभाई हाका मारत होते, "मच्छिंद्र, चल की आता!" ते म्हणाले, "एकच." वीज स्टँडवर पडली की त्यांच्यावर, हे फिरोजभाईंना आजही सांगता येत नाही. सायलीने काचेतून सगळे पाहिले.

कॅमेरा जळाला. आतले कार्ड मी पुण्यातल्या दुकानांत फिरवले, कोणालाच उघडता आले नाही. शेवटचा फोटो कशाचा होता, ते आता कळायचे नाही.

वर्षश्राद्ध झाल्यावर मी दुसरा कॅमेरा घेतला. माझे दीर हौसराव चारचौघांत म्हणाले, "वैनी, त्या नादापायी माझा भाऊ गेला. आता तुमी व्हय?" मी म्हणाले, "मला बघायचंय, ती कशी येती ते." दुसरे कारण माझ्याकडे तेव्हा नव्हते, आजही नाही. पश्चात्तापही नाही. माझी साप्ताहिक सुट्टी आणि ढग एका दिवशी जमले की मी निघत असे. सायलीला फिरोजभाईंच्या घरी, आसमीनभाभींजवळ ठेवत असे. भाभी सांगत, गडगडले की पोरगी गोधडीत शिरते आणि बोलायची बंद होते.

लग्न झाल्यावरही तिची ती भीती गेली नाही. मागच्या दिवाळीत ती आली तेव्हा मी तिला विचारले, हे फोटो तू नेशील का. ती म्हणाली, "आई, त्या विजेनं पप्पांना माझ्या डोळ्यांदेखत नेलं. आन् तू तिचे फोटू काढून ठिवलेस. माझ्या घरात यातलं एक पण आणायचं न्हाई."

"माझं सगळं आयुष्य हाय त्यात, सायले."

"मग काय दिसलं तुला एवढ्या वर्षांत? सांग की."

ती संध्याकाळच्या गाडीने गेली. त्यानंतर फोन केला तर उचलते, पण लगेच जावयांकडे देते, तेच बोलतात.

एका महाविद्यालयाला विचारले. त्यांनी पेन ड्राइव्ह मागितला, मी दिला, त्यांनी हरवला. म्हणून कॅमेरा व लेन्सा विकून येणारे पैसे घराच्या डागडुजीला लावावेत. हार्ड डिस्क भंगारात द्याव्यात. कोणी मागितल्या तर द्याव्यात, पण कोणी मागणार नाही.

४. माळाची जमीन, माझा हिस्सा, सायलीला. शेजारचा हिस्सा हौसरावांनी जेसीबी लावून सपाट केला, त्यात लांडग्यांची पिल्ले घालायची बिळे होती. माझा तुकडा कोणी उकरू नये असे मला लिहायचे होते. वकील म्हणाले, "बाई, ही अट टिकायची नाही." म्हणून अट घालत नाही, इच्छा सांगते. लांडगे तसेही परतलेले नाहीत. गच्चीवरून आकाशगंगाही दिसत नाही, कारखान्यांच्या उजेडाने दक्षिणेकडचे आभाळ चहासारखे झाले आहे.

५. पुतण्या दत्ता याला काही नाही. माझा सगळ्यांत चांगला विजेचा फोटो त्याने न विचारता एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर डोक्यामागे लावला. तो फ्लेक्स पुढे कांद्याच्या चाळीवर झाकण म्हणून गेला. मी बघून आले.

६. अंत्यविधी साधा करावा. मात्र मी वळवाच्या दिवसांत गेले आणि ढग भरलेले असतील, तर सायलीला लगेच कळवू नये. ती तशीच निघेल, आणि वाटेत सगळा उघडा माळ आहे. बर्फ आणून मला ठेवावे. आभाळ मोकळे होऊन ऊन पडले की मगच फोन करावा.

हे सगळे लिहून घेणाऱ्या उपकेंद्राच्या नर्स करुणाताई हे कलम मला वाचून दाखवल्यावर म्हणाल्या, "आन् त्या आल्याच न्हाईत तर?"

मी म्हणाले, "तर तिला दुसऱ्यांदा फोन करू नका. उरका."

त्यांनी हेही लिहायचे का विचारले. मी हो म्हणाले.

वरील मजकूर मी ऐकला, तो माझाच आहे, म्हणून दोन साक्षीदारांसमोर सही करते. सही वाकडी आली आहे, तीच खरी धरावी.

सही: सुषमा मच्छिंद्र सांडभोर

साक्षीदार:
१. करुणा विठ्ठल रोहिले, आरोग्य उपकेंद्र
२. कोंडिबा सखाराम मुंजाळ, निवृत्त शिक्षक

स्थळ: कवठे येमाई
दिनांक: २ एप्रिल २०२५