तुझे चार ठोके

प्रिय दादा,

फोनच करणार होते. पण फोनवर तू आधी हसतोस, मग विषय बदलतोस आणि शेवटी मीच तुझी माफी मागून फोन ठेवते. म्हणून हे पत्र. वहिनीच्या हाती पाठवतेय. पाकीट चिकटवलंय, तिनं काही वाचलेलं नाही, तेव्हा तिच्यावर डोळे वटारू नकोस. आणि पूर्ण वाच. मध्येच उठून चहा टाकायला जाऊ नकोस.

रविवारी बँडची बैठक आहे. पेटीवाल्याला काढायचं की ठेवायचं, यावर हात वर करायचे आहेत. म्हणजे काढायचंच, कारण तू ठरवलंयस आणि तुझ्यासमोर आजवर कुणी हात खाली ठेवलेला नाही. इतकी वर्षं आपल्याबरोबर कीबोर्ड वाजवणारा माणूस, ज्याला आपण लाडानं पेटीवाला म्हणतो, तो माझ्या गिटारचे इफेक्ट मुद्दाम बिघडवतो असा आरोप आहे. आरोप पहिल्यांदा मीच केला हेही खरं. पण तू तो ज्या घाईनं उचललास, तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली.

माझ्या पायाशी मांडलेल्या, गिटारचा आवाज बदलणाऱ्या पेडलना तू खेळणी म्हणतोस, म्हणून आज एकदा नीट ऐक. त्यातले कोरस आणि फेजर हे स्वभावानं सैल. सूर हलवतात, घुमवतात, पण आपल्याच तंद्रीत. गाणं पुढे पळालं काय नि मागे राहिलं काय, त्यांना सोयरसुतक नाही. डिले आणि ट्रेमोलो मात्र तालाला बांधलेले. मी एक सूर वाजवला की डिले तोच सूर ठरावीक अंतरानं परत परत ऐकवतो, आणि ट्रेमोलो आवाज तालात लहान-मोठा करत राहतो. हे अंतर कुठून येतं? तुझ्याकडून. बाकीच्या बँडमध्ये ड्रमवाल्याच्या कानात मशीनची टिकटिक असते. आपल्याकडे ती नाही, कारण ताल माझ्या मनगटात आहे असं तू पहिल्याच दिवशी जाहीर केलंस आणि आम्ही माना डोलावल्या. तू स्टिकवर स्टिक आपटून चार ठोके देतोस, मी त्याच ठोक्यांवर पायानं बटण दाबते, आणि गाणं संपेपर्यंत पेडल तेच चार ठोके धरून बसतं. बिचाऱ्याला दुसरं काही येतच नाही.

तर गेल्या काही महिन्यांपासून गाणं अर्ध्यावर आलं की माझे पडसाद तुझ्या ठोक्यांच्या आधी पोचायला लागले. थोडेसेच आधी, पण पायजम्याची नाडी सुटल्यावर होतं तसं सगळं गाणं ढिलं पडायचं. लोक टाळ्या वाजवायचं थांबायचे आणि मोबाइल काढायचे. मी कुणाकुणावर संशय घेतला म्हणून सांगू! आधी वायरी बदलल्या. मग पेडल दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्यानं उघडून, झटकून, काहीही झालेलं नाही असं सांगून परत दिलं, तर मला वाटलं यालाच काही कळत नाही. मग साउंडवाल्यावर डोळा ठेवला. त्यानं मला दोनदा हसून नमस्कार केला, तोही मला संशयास्पद वाटला. पेडलच्या फिरवायच्या बटणांवर चिकटपट्टी लावली, पेडलची बॅग उशाशी घेऊन झोपले. घरी ड्रम मशीन लावून वाजवलं की सगळं बरोबर. स्टेजवर गेलं की पुन्हा तेच. मला वेड लागायची पाळी आली होती.

आणि मग मागच्या कार्यक्रमात, त्या संथ गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात, मी सहज मान खाली घातली तर पेटीवाल्याचा पाय माझ्या बटणावर! ऐटीत नाही, चोरून. नजर समोर, बोटं कीबोर्डवर, आणि पाय माझ्या मुलखात. स्टेजमागं आल्यावर मी काय काय बोलले ते तू ऐकलंयस. मग तू पुढे झालास आणि कोर्टच भरवलंस. तो एक अक्षर बोलला नाही. आपली वायर गुंडाळत राहिला. निर्दोष माणूस असा गप्प बसेल का, असं तू मला घरी जाताना तीनदा विचारलंस.

म्हणून पुरावा शोधायला मी साउंडवाल्याकडून त्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग मागून घेतलं. पेटीवाल्याला चांगला पकडायचा, या इराद्यानं कान लावून बसले. पहिलं कडवं ऐकलं, पडसाद नेहमीसारखे पुढे धावताहेत. मग ती जागा आली जिथं त्याचा पाय पडला. आणि दादा, तिथून पुढे सगळं जागच्या जागी बसलं. तुझा ठोका आणि माझा पडसाद, अगदी हातात हात घालून. मी ते पुन्हा लावलं, पुन्हा लावलं. ज्याला गाणं बिघडवायचंय तो ते दुरुस्त कशाला करेल? तो माझ्या पेडलला गाण्याच्या मध्येच नवा ताल देत होता. सुरुवातीच्या तुझ्या चार ठोक्यांपेक्षा हळू ताल. तू त्या क्षणी खरोखर वाजवत होतास तो.

म्हणजे पेडल कधीच चुकलं नव्हतं. आम्ही यंत्रं उघडली, माणसं तपासली, पण तुझ्याकडे कुणी बघितलंच नाही. कसं बघणार? आमच्यासाठी ताल म्हणजे तूच. घड्याळ मागे पडलंय हे ज्यांच्याकडे एकच घड्याळ आहे त्यांना कसं कळावं?

मग मात्र मी बघायला लागले. राग येऊ दे, पण वाच. तू हल्ली बटणांचे शर्ट घालत नाहीस. चहाला कपबशी नको म्हणतोस, मोठा मग मागतोस आणि तोही अर्धाच भरलेला. चालताना तुझा उजवा हात हलतो, डावा नुसता लटकतो. वहिनीला मी आडून विचारलं तर ती भाजी निवडता निवडता थांबली आणि म्हणाली, त्यांना विचारायची सोय नाही, खांदा अवघडलाय म्हणतात. कार्यक्रमातली जलद गाणी तूच एकेक करून वगळलीस. मला म्हणालास, तुझा डिले जुनाट वाटतो, बंद करून टाक. तेव्हा मी दोन दिवस रुसले होते. आता कळतंय. ती चूक ऐकवणारी एकच वस्तू स्टेजवर होती, आणि ती माझ्या पायाखाली होती. तुला माहीत आहे दादा. मला याचाच सगळ्यात जास्त राग आलाय. हात दुखतो त्याचा नाही, तू माझ्यापासून लपवलंस त्याचाही नाही. तुझ्या जागी दुसऱ्याला उभं केलंस त्याचा.

काल पेटीवाल्याकडे गेले होते. तो दार उघडून आत ये म्हणाला, एवढंच. मी त्याला रेकॉर्डिंगचं सांगितलं. त्याची जागा तुझ्या डाव्या हाताला, त्याला आमच्या सगळ्यांच्या आधी दिसलं असणार. तू हळू झालास की तोही हळू व्हायचा, आणि मी एकटी पुढे धावत राहायची म्हणून पायानं मलाही मागे ओढायचा. शेवटी मला म्हणाला, मला दुसरीकडे काम मिळेल, तू मात्र दादाला काही बोलू नकोस. मी खूप रडले रे. त्याच्या समोरच.

आता हे का लिहितेय ते सांगते. रविवारी हात वर करायची वेळ येण्याआधी तू बोल. तूच बोल. तू नाही बोललास तर मी सगळ्यांसमोर ते रेकॉर्डिंग लावीन, आणि मला ते करायला लावू नकोस, मी तुझी बहीण आहे. हे नुसत्या खांद्याचं वाटत नाही, म्हणून सोमवारी सकाळी तुझ्यासाठी मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. वहिनीला एवढंच सांगितलंय की आपण तिघं बाहेर जातोय. काय निघेल मला ठाऊक नाही, मलाही भीती वाटतेय. पण तुझ्या चार ठोक्यांशिवाय मला गाणं सुरू करता येत नाही, कधी आलंच नाही. तू हळू हो, मध्येच थांब, मी प्रत्येक कडव्याला नव्यानं बटण दाबीन. पेटीवाल्यानं चोरून केलं ते मी उघड करीन. फक्त चोर म्हणून त्याचं नाव घेऊ नकोस.

तुझ्यावर चिडलेली, तरी तुझीच,
ठेंगू