परत पाठवलेली साडी

३ जून २०२५, लोणावळा
संपादकांचा हुकूम — "विषाणूच्या जनुकांवरून कळतं म्हणे, कोणत्या देशानं साथ बरी रोखली. सोप्या भाषेत लिहा." सोप्या भाषेत! संस्कृतच्या एम.ए.ला!

मळवलीच्या मित्राची मुलगी प्रतीक्षा पुण्याच्या प्रयोगशाळेत आहे. तिनं समजावलं. विषाणू पसरताना बारीक बदलत जातो, त्यावरून त्याची वंशावळ मांडता येते. म्हणजे यालाही गोत्र-प्रवर! ज्या देशानं वेळीच दार लावलं, तिथं शंभरदा शिरूनही बहुतेक वंश निपुत्रिक गेले. ज्यानं उशीर केला, तिथं दोन-चार पाहुण्यांनीच गाव वसवलं.

४ जून
आमच्या घरीही पाहुणा आला होता. एप्रिल २०२१. कैलास — माझ्या बायकोचा, सविताचा भाऊ — वराळ्याहून तांदूळ घेऊन. आठवड्यात तिघांनाही कोरोना. सविता गेली. प्लास्टिकमध्ये बांधून नेली, माहेरची शेवटची साडीही अंगावर पडली नाही.

दहाव्याला तो साडी घेऊन दारात. मी म्हणालो, "तुझी एक भेट पोचली. ही परत ने."

त्यानंतर बोललो नाही.

९ जून
आम्हा तिघांचे तेव्हाचे नमुने प्रतीक्षाच्या प्रयोगशाळेत अजून जपलेत! तिला म्हटलं, तपास.

"कशाला काका?"

पुरावा हवाय. कैलासची संमती लागेल म्हणाली. तिनंच कागद पाठवला, त्यानं निमूट सही दिली.

१७ जून
लेख पाठवला. सोपा झालाय.

१९ जून
प्रतीक्षाचा फोन. "काका, कैलासमामांचा विषाणू वेगळ्याच शाखेचा निघाला. तुमचा नि काकूंचा एकच."

"म्हणजे माझ्याकडून?"

"कोणाकडून कोणाला, ते नुसत्या जनुकांवरून नाही सांगता येत."

कनवाळू पोर. पण तारखा सांगतात ना! तळेगावच्या सभेची बातमी करून आलो, अंगात कसकस होती. कैलास यायच्या आधी दोन दिवस. मी कूलरला दोष दिला होता. तो उलट बोलत नाही.

२० जून
दार लावलं खरं. आत कोण आहे, ते न बघता.

२२ जून, वराळे
कैलास भाताच्या रोपांत उभा होता. सगळं सांगितलं. तो चिखलाचे हात पुसत राहिला.

"मला ठावं व्हतं, दाजी. आक्काचा दवाखान्यातनं फोन आलता. म्हनली, 'ह्यांच्यापासनंच आलंय. पर त्यांना कळू देऊ नगं, मोडतील. तुला बोलतील, तर ऐकून घे.'"

मी साडी मागितली. त्यानं आणून दिली. घडी मोडलेली नाही.